तुमच्यात कसं करतात?

सर कुनाला बी पयलं ह्येच इचारायचं, “तुमच्यात कसं करतात?” चाच्या गाड्यावाल्याला, रिक्षावाल्याला, लगनात शेजारी जेवाय बसलेल्या मानसाला. कुनी मेलं आसलं तर तितं बी. म्हनून बरीच मान्सं त्येंना टाळायची. गुमान जेवावं, घरला जावं, तर ह्यो म्हातारा इचारनार, तुमच्यात भाताच्या आधी काय वाढतात, तुमच्यात लेकीला सासरी घालवताना कोन रडतं.

सर म्हंजी मनाचं डाक्टर. आन नुसतं डाक्टर न्हाईत, डाक्टरांना शिकवनारं डाक्टर. सोलापुरात एका दवाखान्याच्या मागल्या अंगाला एक हाल हुता. म्हैन्यातनं एकदा तितं नवं नवं डाक्टर, नर्सा, समुपदेशक का काय म्हनत्यात त्या पोरी यायच्या. बार्शीकडनं, अक्कलकोटाकडनं, कुटनं कुटनं. त्येला ट्रेनिंग म्हनायचं. शिकवायचं काय, तर म्हनं मान्सं कशी जगत्यात. कुटल्या घरात दुःख कसं करत्यात, कुनाच्या अंगात देव येतोय, कुनाला काय इचारावं आन काय इचारू ने.

मी आडानी बाई. शाळंची पायरी चढले ती झाडलोट कराय. पर त्या हालमदी मी कैक वर्सं खुर्चीत बसले आन डाक्टर माज्या घोंगड्यावर, खाली. सरांचा तसा नेमच हुता. ज्याला म्हाईत हाय त्यो वर, ज्याला शिकायचं हाय त्यो खाली. खुर्चीला चाकं हुती. मी बसले की ती मागं मागं सरकायची. पयल्या दिशी भितीला जाऊन थडकले आन समदी हासली. सर हासलं न्हाईत. खाली वाकून त्येंनी चाकामागं आपली पिशवी लावली आन म्हनलं, “मावशी, आता बोला.”

मला मावशी म्हनायचं. माज्यापरास वयानं मोटं हुतं.

दिसाय म्हनाल तर उंच, वाळकं, शर्टाचं बटन खालवर लावल्यालं. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर, आन तिसरा हुडकत असायचं. एका खिशात भाजल्याल्या शेंगा, दुसऱ्या खिशात टरफलं. ऐकताना शेंगा सोलायचं, पर स्वता खायाचं न्हाईत. सोललेलं दानं सांगनाराच्या तळव्यावर ठेवायचं. मानूस सांगतंय, रडतंय, आन त्येच्या मुठीत दानं साठत्यात. कुनाच्या घरी गेलं की वहाना दाराभायेर काढायचं आन जाताना इसरायचं. तसंच अनवानी घरला. काकू, म्हंजी त्येंची बायको, दारातच इचारायची, “आज कुणाच्या घरी ठेवून आलात?”

बार्शीला एकदा ट्रेनिंगला गेलतो. एसटी स्टँडावर जेवाय बसलो. शेजारी एक मानूस भाकरी मोडत हुता. सरांनी इचारलंच, “काय पाहुणे, तुमच्यात पहिला तुकडा बाजूला काढतात का?”

त्यो म्हनला, “तुमच्यात म्हंजी? जात इचारतोस व्हय रं म्हाताऱ्या?” आन उटून कालरच धरली.

मी म्हनलं, “सोड बाबा. त्यो येडा न्हाई, येड्यांचा डाक्टर हाय.”

“मग तर लईच येडा आसंल.”

समदं लोक बगाय लागलं. सर म्हनलं, “नाही मावशी, त्यांचं बरोबर आहे. मीच आधी माझं सांगायला पाहिजे होतं.” आन कालर त्येच्या हातात तशीच असताना सांगाय लागलं, “मी ब्राह्मणाघरचा. आमच्यात पहिला घास काढतात. पण आमच्यात रडायची चोरी. कुणी गेलं तरी आधी दार लावायचं, मग रडायचं. आवाज बाहेर गेला तर आई रागवायची. तुमच्यात कसं करतात?”

त्या मानसानं कालर सोडली. खाली बसला. भाकरीकडं बगत ऱ्हायला. मग म्हनला, “आमच्यात मोकळं रडत्यात. पर माजा बाप गेला तवा मला रडूच आलं न्हाई. भाऊ अजून बोलतोय त्येच्यावरनं.”

सरांनी खिशात हात घातला. शेंगा निगाल्या. आमची गाडी गेली आन त्येच्या मागची बी गेली.

फुडच्या ट्रेनिंगला सरांनी पोरांना सांगितलं, “या प्रश्नाला दात आहेत. सोलापुरात ‘तुमच्यात’ म्हटलं की माणसाला वाटतं, आपली जात विचारली. त्याच्या बापाला, आज्याला विचारलीय ती, म्हणून वाटतं. आधी आपलं घर उघडं करा, मग दुसऱ्याच्या घरात डोकवा.” तवापासनं दर टायमाला स्वताचंच आधी सांगायचं. आमच्यात दार लावून रडतात. आयकून आयकून मला पाट झालं.

हालमदी माज्यासंगं आनखी एक बाई यायची. इनकराघरची, तेलुगू बोलनारी. तिला मराठी चांगलं येत हुतं, पर दुःखाचं आलं की ती तेलुगूत जायाची. एक पोरगा डाक्टर म्हनला, “मावशी, मराठीत सांगा ना.” सर म्हनलं, “अरे, रडू ज्या भाषेत येतं त्या भाषेत येतं. तू माणूस शोध, जो तुला समजावून सांगेल.” मला एका पोरीनं इचारलं, “तुम्हाला उदास वाटतं का?” मी म्हनलं, “उदास म्हंजी?” सर म्हनलं, “बघा, हा शब्द तुमच्या पुस्तकातला. मावशी, तुमचा मालक गेला तेव्हा तुम्हाला काय झालं?” मी म्हनलं, “काय व्हनार? टाचा दुकल्या. वरीसभर टाच भुईला टेकवत नव्हती.” समदी लिवून घ्याय लागली. मला हासू आलं. टाच दुकली तर त्यात लिवायचं काय.

मालक मेंढरामागं असतानाच गेला. रानात ताप आला, घरी आनस्तवर संपला. मी मेंढरं राखली, लेक वाडवली, लगीन करून दिलं. ह्यात काय नवल न्हाई. आमच्याकडं कैक बायांनी ह्येच केलंय.

आता लेकीचं. ह्ये मी तिला इचारून सांगतीय. का इचारून, ते फुडं कळंल.

सुंदरा तिचं नाव. मंगळवेढ्याकडं दिली हुती. तिचं तान्हं बाळ गेलं. रातीपातुर पीत हुतं, सकाळी गेलं. त्येच्यानंतर तिनं जेवान सोडलं. केस इंचरायची न्हाई, पायात काय घालायची न्हाई. इचारलं तर म्हनायची, “माजा नेम हाय.” सासरच्यांनी एका देवऋष्याकडं न्हेली. मग सांगोल्याकडं माज्या घरी आनून सोडली. मी तिला घिऊन सोलापूरला आले. तवा मी सरांना वळकत बी नव्हते.

दवाखान्यात एक धाकटी डाक्टरीण बसल्याली. नवीच हुती, पर चटचटीत. तिनं सुंदराचं डोळं बगितलं, वजन केलं, म्हनली, “आज्जी, हिला भरती करावं लागेल. ही आजारी आहे.” मला बरंच वाटलं. कुनी तरी म्हनलं की आजारी हाय म्हनून.

कोपऱ्यात टुलावर एक म्हातारा शेंगा सोलत हुता. मला वाटलं कुनाबरोबर आला आसंल. सुंदरा म्हनली, “मला नेम हाय, मी खानार न्हाई,” आन त्यो म्हातारा टुलावरनं उडालाच.

“थांबा, थांबा. नेम? मावशी, तुमच्यात नेम कसा धरतात?”

मी म्हनलं, “धरत्यात की. पाऊस पडावा म्हनून कुनी धरतंय, मेंढरावरचा रोग जावा म्हनून कुनी. पायात घालायचं न्हाई, डोस्क्याला तेल न्हाई, एकच टाइम खायाचं.”

त्येंचं डोळं आसं चमकलं, जसं काय हारपल्यालं कोकरू घावलं. भायेर जाऊन आनखी दोन डाक्टर बोलवून आनलं. मला परत सांगाय लावलं. मग धाकटीला म्हनलं, “याला आजार म्हणू नका. हा शोक आहे. तिच्या घरच्या रीतीनं चाललाय.”

धाकटी म्हनली, “पण सर, वजन बघा ना...”

“वजन येईल. घरी न्या मावशी. तिची माणसं तिच्याभोवती असू द्या.”

मी म्हनलं, “डाक्टर, पर हिचं...” तवर सर दुसऱ्या पेशंटाकडं वळलं हुतं, आन धाकटीनं भरतीचा कागूद फाडला. सर जाता जाता मला म्हनलं, “पुढल्या महिन्यात आमचं ट्रेनिंग आहे, तुम्ही या. तुमच्यासारखी माणसंच पाहिजेत आम्हाला.”

लेक घरी आनली. एक टाइम बी खाईना. ताक दिलं तर दात मिटून घ्यायची. शेजारनी म्हनायच्या, देवाचं हाय, मोटा डाक्टर बी म्हनला देवाचं हाय, तू कशाला हात लावतीस. आता बगा, आदी देवऋषी एकटाच म्हनत हुता. आता डाक्टर बी त्येच म्हनतोय म्हनल्यावर मी जायाचं कुटं?

एके दिशी सकाळी ती मेंढराच्या वाड्यात पडल्याली घावली. मेंढरं तिच्या भवतीनं हुबी. हाक मारली तर डोळं उगडायची, पर वळकत नव्हती. गावातला टेंपो केला. तिचं डोस्कं मांडीवर घिऊन सोलापूर गाटलं. दवाखान्यात धाकटीला हुडकलं, तर कुनी म्हनलं सगळी डाक्टर मागं हालमदी हायेत, ट्रेनिंग हाय. लेकीला भायेर बाकड्यावर निजवली, उशाला घोंगडं दिलं आन मी दारात गेले.

आत सर बोलत हुतं. माजंच चाललं हुतं.

“मागच्या महिन्यात सांगोल्याकडची मेंढपाळाघरची एक मुलगी आली. बाळ गेलेलं. जेवत नव्हती. आपल्या डॉक्टरांनी लगेच भरती लिहिली. मी फक्त एक प्रश्न विचारला, तुमच्यात कसं करतात? आणि कळलं, तो नेम आहे. आपण काय करणार होतो? एका आईच्या दुःखाला आजार म्हणणार होतो.” तेवड्यात मी दिसले. “आणि ह्या बघा, तिची आईच आली! या, या मावशी. तुम्हीच सांगा यांना नेमाचं.”

मी म्हनलं, “सांगते. नेमाला शेवट असतोय, डाक्टर. धरतानाच सांगत्यात, जत्रंला सोडीन, नाय तर पाऊस पडला की सोडीन. चार मानसाफुडं धरायचा आन त्येंच्याफुडंच सोडायचा. बिनशेवटाचा नेम आमच्यात कुनी धरत न्हाई.”

मी सरांफुडं जाऊन हुबी ऱ्हायले.

“तुमी आमच्यात कसं करत्यात ते इचारलं. माज्या लेकीचं काय चाललंय ते न्हाई इचारलं. ती भायेर बाकड्यावर हाय. तिला उटवत न्हाई.”

सरांच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. पळतच भायेर आलं. इस्ट्रेचर यायच्या आदी सुंदराचं पाय त्येंनी उचललं, धाकटीनं खांदं धरलं. सर त्येंच्या वयाच्या मानानं लई जोरात पळलं. वहाना हालच्या दारातच ऱ्हायल्या, फरशीवर अनवानी पायाचा आवाज येत हुता, थप थप.

सलाईन लावली. सुया टोचल्या, गोळ्या चालू झाल्या. मला कुनी तरी इचारंल, मग काय चमत्कार झाला. काय न्हाई झाला. कवा बरी झाली ती, आसा एक दिस सांगता येत न्हाई. कवा ताक प्याली, कवा थुकलं. कवा मला आये म्हनली, कवा भितीकडं त्वांड करून पडली. मी वॉर्डाच्या भायेर फरशीवर निजायचे. आता इचार करते, तवा मी रडले बी न्हाई. टाचा तेवड्या दुकल्या.

सर रोज यायचं. खाटंच्या बाजूला खाली बसायचं. एक दिस त्येंनी तिलाच इचारलं. आमच्यात कसं करत्यात ते न्हाई. तिचं नाव घिऊन इचारलं.

“सुंदरा, नेम कधी सोडायचा ठरलंय?”

“सोडायचा न्हाई.”

“कुणापुढं धरलास?”

ती म्हनली, “बाळाफुडं.”

ती फुडं म्हनली, “मी जेवले तर त्येला वाटंल, आये इसरली.”

सरांनी शेंगा काडल्या न्हाईत त्या दिशी. हात नुसतं मांडीवर. धाकटी मागं हुबी हुती, तिनं डोळं पुसलं. भायेर आल्यावर सर मला म्हनलं, “मावशी, हे मला पहिल्याच दिवशी विचारता आलं असतं.”

मी म्हनलं, “व्हय. आलं असतं.”

त्येंना वाईट वाटू ने म्हनून न्हाई म्हनायला पायजे हुतं, आसं कुनाला वाटंल. मला न्हाई वाटलं. खरं त्ये खरं.

सुंदराच्या नवऱ्यानं दुसरी केली. मेंढरं इकली आन आमी दोघी चिंचोळी एमआयडीसीच्या अंगाला एका खोलीत आलो. मला एका सुताच्या कारखान्यात झाडू मिळाला. सुंदरा गोळ्या घेत हुती, घरात बसून ऱ्हायाची. पुढं तिला बी कारखान्यात घेतलं, टावेल घडी घालायच्या कामाला. तिच्या घडीची कड कवा वाकडी येत न्हाई.

आन सरांनी मला ट्रेनिंगला बोलवायचं धरलं. दर टायमाला मला खुर्चीत बसवायचं, चाकामागं पिशवी लावायचं, आन आपन खाली पोरांच्यात माज्या घोंगड्यावर बसायचं. म्हनायचं, “मावशी, माझी चूक सांगा.” मी सांगायची. नेमाला शेवट असतोय म्हनून. लेक बाकड्यावर हाय म्हनून. नवी पोरं माना डोलवायची, सरांकडं बगायची. सर मान खाली घालून शेंगा सोलायचं. वर्सानुवर्सं ह्येच. सांगून सांगून माजी जीभ झिजली. तोंड आपलं आपन चालायचं, आन मी मनात म्हनायचे, आज घरला जाऊन आमटी काय करावी.

एकदा घरी आले तर सुंदरा म्हनली, “आज बी सांगितलंस?”

“सांगितलं की.”

“आये, मी त्या हालमदी अजून उपाशीच पडलीय व्हय?”

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

“हितं मी दोन टाइम जेवतीय. कामाला जातीय. आन तितं तू मला दर म्हैन्याला बाकड्यावर निजवतीस. त्या सरांना सांग, मला उटवा म्हनावं.”

फुडच्या खेपंला मी सरांना सांगितलं. त्येंनी दोनी चष्मे काडलं. लई येळ पुसत बसलं. मग म्हनलं, “खरंय. माझी चूक मिरवायला मी तिला वापरतोय. तिला विचारलंच नाही.” आन त्याच दिशी आमच्या खोलीवर आलं. सुंदराफुडं खाली बसलं आन म्हनलं, “सुंदरा, सांगू का नको सांगू?”

सुंदरानं आदी चा दिला. मग म्हनली, “सांगा. पर शेवटपातुर सांगा. मी आता जेवते, त्ये बी सांगा. टावेलाचं बी सांगा.”

“सांगतो.”

“आन गोळी अजून घेते, त्ये बी सांगा. न्हाई तर लोकं म्हनतील, आपोआप बरी झाली.”

सर हासलं. त्या दिशी वहाना आमच्याच दारात सोडून गेलं. चामड्याच्या हुत्या, अंगठा तुटल्याला. मी अंगठा शिवून आनला आन कोनाड्यात ठेवल्या, आलं की देऊ म्हनून.

पर सर आलंच न्हाईत. काकू गेल्याचं कळलं. मी जायाला पायजे हुतं, पर पाय धरल्यालं, उटवत नव्हतं. ट्रेनिंग आता धाकटीच घ्यायची. धाकटी म्हंजी आता काय धाकटी न्हाई, केस पिकल्यात. तिला मी फोन लावला. इचारलं, सर कसं हायेत. ती म्हनली, “बरे आहेत. तुम्हाला माहितीय ना आज्जी, सर कसे आहेत ते. खोलीतच असतात. दार लावून.”

मी सुंदराला सांगितलं. ती भाजी चिरत हुती, तिचा हात थांबला. म्हनली, “दार लावून? कवाधरनं?”

“मला काय म्हाईत.”

“उद्या वहाना द्याय जाऊ.”

जुळे सोलापुरात त्येंचा फ्लॅट, दुसऱ्या मजल्यावर. मी कटडा धरून धरून चढले. दार उगडलं धाकटीनंच. ती रोज दुपारी डबा घिऊन यायची म्हनं. टेबलावर दोन डबे हुते, आजचा आन कालचा. कालचा तसाच भरल्याला.

मी म्हनलं, “ह्यो?”

“खातात कधी कधी. आज्जी, मी फार बोलत नाही त्यांना. तुम्हीच ऐकलंय ना इतकी वर्षं, त्यांच्यात दार लावून दुःख करतात. काकूंसाठी चाललंय त्यांचं. त्यांच्या रीतीचा मान ठेवायला नको का? सर म्हणजे... पहिल्यापासून असेच. शेंगा, चष्मे. त्यांची तऱ्हाच तशी.”

चांगली बाई. तिचं काय चुकलं आसं बी मी म्हनत न्हाई. जे शिकली त्येच करत हुती. पर माज्या टाचंत कळ आली.

सुंदरा वहाना घिऊन त्या खोलीच्या दाराफुडं गेली. वहाना खाली ठेवल्या. दारावर थाप मारली न्हाई. तितंच फरशीवर बसली आन दाराला त्वांड लावून म्हनली, “सर, मी सुंदरा. दार कवा उगडायचं ठरलंय?”

तिनं दाराला कान लावला.

“कुनाला सांगून लावलंय का तसंच?”

धाकटी पुढं हुनार, तर मी तिचा हात धरला. माजा हात तिला लई जड लागला आसंल.

सुंदरा म्हनली, “तुमच्यात कसं करत्यात त्ये मला पाट हाय. त्ये न्हाई इचारत मी. तुमाला अन्न मातीवानी लागतंय का, त्ये सांगा.”

खालनं रिक्षाचा आवाज आला, कुनाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मग आतनं आवाज आला. म्हातारा, बसल्याला. सरांचा आवाज आसा मी कवाच आयकला नव्हता.

“हो.”

“सकाळी जाग येती आन नगं वाटतंय?”

“हो.”

“काकूंना वाटंल इसरलो, आसं वाटतंय?”

कडी वाजली. दार उगडलं. सर हुबं, दाडी वाडल्याली, शर्ट अंगावर लोंबत हुता. कपाळावर चष्मा न्हाई, नाकावर बी न्हाई. धाकटीच्या तोंडाकडं मला बगवलं न्हाई. त्येंना ती रोज डबा देत हुती, पर बगितलं आजच.

ती म्हनली, “सर, मी... वजन...” सर तिला म्हनलं, “तू तेव्हाही बरोबर होतीस.” मग तिनं डोळं पुसलं आन फोन काडला. मला म्हनली, “आज्जी, मी गाडी मागवते. आज भरती करून घेऊ.” आवाज चटचटीत. पयल्या दिशीसारका.

सर खाटंच्या कडंला बसलं. सुंदरा खाली बसली. तिनं पदराची गाठ सोडली. घरनं शेंगा आनल्या हुत्या, मला ठावं बी नव्हतं. एक एक सोलून त्येंच्या तळव्यावर ठेवाय लागली. त्येंनी खाल्लं न्हाईत. मूठ मिटली. आन मग त्या मिटल्या मुठीवर डोस्कं टेकवून रडाय लागलं. आदी बारीक, मग मोट्यानं. येवडा शिकल्याला मानूस, येवड्या मोट्यानं. जिन्यातनं कोन चाललं हुतं ते थबकलं.

शेजारी जमतील म्हनून सुंदरा भायेरचं दार लावाय उटली.

सर म्हनलं, “राहू दे.”